बेटावरचा नारिंगी कोट

"माझ्या नजरेतून सुटून बेटावर मुंगीसुद्धा विनापरवाना जाणार नाही!" असं तिनं नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात जाहीर केलं.

"तिथल्या थंडीत मुंगी कशाला जाईल झक मारायला?" शिपाईकाका म्हणाले.

पण तिनं ते मनावर घेतलं नाही. ऑफिसात सगळे तिला काटेकोरबाई म्हणत, आणि तिला ती पदवी वाटे. खरी पदवी जीवशास्त्राची. काम परवान्यांचं. दक्षिण ध्रुवाजवळ एक राखीव बेट होतं, पेंग्विनांचं. तिथं जाऊ इच्छिणाऱ्यांना परवाने द्यायचे; म्हणजे शक्यतो द्यायचे नाहीत! बुटाच्या तळव्यात गवताचं बी सापडलं, अर्ज बाद. खिशातून एक खडा आणण्याची नुसती इच्छा दिसली, अर्ज बाद. एका म्हाताऱ्या प्राध्यापकांना तर तिनं कोटाच्या शिवणी तीनदा झाडायला लावल्या. बिचारे शेवटी म्हणाले, "आता मलाच झाडायचं राहिलंय!"

एका हंगामात बेटावर ठरावीक माणसंच जाऊ शकत. यंदा सगळ्या जागा भरल्या होत्या, एक सोडून. ती तिची होती. शेवटच्या बोटीनं, तपासणीसाठी! इतरांना पेंग्विनांपासून किती लांब उभं राहायचं हे शिकवणाऱ्या या बाईनं आयुष्यात एकही पेंग्विन पाहिला नव्हता. आईनं तिच्यासाठी लोकरीची टोपी विणली होती. ती टोपी ती घरात, भर उन्हातसुद्धा, घालून बसायची.

"अगं, डोकं शिजेल," आई म्हणायची.

"सवय करतेय."

बेटावर एका खडकावर कॅमेरा होता. दर सोमवारी त्याचं एक छायाचित्र ऑफिसात येई. त्या सोमवारी ते आलं. डावीकडे खडकावर घरटी, उजवीकडे समुद्राकडे उतरणारा बर्फाचा पट्टा, आणि त्या पट्ट्याच्या वरच्या टोकाला एक माणूस.

तिनं डोळे चोळले. माणूस तिथंच होता.

यंदाची एकही बोट अजून गेलेली नव्हती. बर्फावर माणसाच्या पावलांचा एकही ठसा नव्हता. आणि पेंग्विन त्याच्या आजूबाजूनं असे चालले होते, जणू तो त्यांच्याच आळीत राहतो!

"दगड असेल," साहेब म्हणाले. साहेबांना चहाच्या वेळी काहीही दगडच वाटे.

"दगड कोट घालतो का साहेब?"

पुढच्या सोमवारी तो जवळ आला होता. पाय हललेले नव्हते, हात तसेच अंगाला चिकटलेले. पण आधी तो पट्ट्याच्या टोकाला होता आणि आता मधोमध. कोट नारिंगी, खांद्यांवर काळी पट्टी. छायाचित्र पाहायला आलेल्या शिपाईकाकांनी हातातली कपबशी टेबलावर ठेवली.

"हा आपल्या ऑफिसचा कोट आहे, बाई."

ते तिला मागच्या बोळात घेऊन गेले. तिथं खुंट्यांवर नारिंगी कोट ओळीनं टांगलेले होते, माना खाली घातलेल्या माणसांसारखे. शेवटची खुंटी रिकामी होती.

"नानांचा. आधीचे निरीक्षक. शेवटच्या फेरीहून आले ते कोटाशिवाय. कुणाशी बोलले नाहीत. टेबल आवरलं आणि निघून गेले." काका कुजबुजले. "तेव्हापासून या खुंटीला कोणी काही अडकवत नाही. मी एकदा छत्री अडकवली होती. सकाळी खाली पडलेली!"

"खुंटी सैल आहे काका," ती म्हणाली. तिनं हलवून पाहिली. खुंटी पक्की होती.

आता नियम असा होता, की क्षेत्रात विनापरवाना व्यक्ती दिसली तर ती बाहेर पडेपर्यंत सगळ्यांनाच बंदी. हा नियम तिनंच साहेबांच्या मागे लागून मंजूर करून घेतला होता. म्हणजे बेट बंद केलं, की तिची स्वतःची बोटही बंद! तिनं पिशवीतल्या टोपीकडे पाहिलं, पडद्यावरच्या त्या माणसाकडे पाहिलं, आणि सही केली. काटेकोर म्हणजे काटेकोर!

दुपारपासून फोन खणखणू लागले. बंदरावर सामानासकट बसलेले संशोधक ओरडत होते, बोटीचा कप्तान ओरडत होता, आणि प्राध्यापक ओरडत नव्हते, ते नुसते विचारत होते, "बाई, शिवणी पुन्हा झाडू का?"

तिसऱ्या सोमवारी तो इतका जवळ होता, की कोटाची बटणं दिसत होती. वर टोपी होती. टोपीखाली चेहरा नव्हता. नाक नाही, डोळे नाहीत, नुसतं पांढरं, गुळगुळीत काहीतरी. आणि ते कॅमेऱ्याकडे, म्हणजे थेट तिच्याकडे, वळलेलं होतं.

साहेब एवढंच म्हणाले, "दगड नाही."

ती नानांचा पत्ता घेऊन निघाली. बंदरामागे, बोटी दुरुस्त करायच्या शेडला लागून त्यांची खोली होती. बेल वाजवली. आत काहीतरी घसटत दाराशी आलं. दार किलकिलं झालं आणि अंधारातून आवाज आला, "कोण?"

"परवाना कार्यालय!" ती म्हणाली आणि स्वतःच दचकली.

नाना बाहेर आले. जिवंत, टक्कल पडलेले, पायात सपाता. तिनं छायाचित्र पुढं केलं. नाना मटकन पायरीवर बसले.

"अजून उभा आहे?"

"कोण आहे तो?"

"मीच, पोरी. म्हणजे माझा कोट, माझी टोपी आणि उशीचा अभ्रा."

मग सगळं बाहेर आलं. बेटावर घारीएवढे तपकिरी समुद्रपक्षी असतात. अंडी चोरतात आणि जे डोकं सगळ्यांत उंच दिसेल त्याच्यावर झडप घालतात. घरटी मोजताना नानांच्या टकलाची चाळण होऊ लागली, तेव्हा त्यांनी बर्फात काठी रोवून आपल्याहून उंच बुजगावणं उभं केलं. पक्षी त्याला चोची मारत बसले आणि नानांची मोजणी सुखात झाली. तेवढ्यात वादळ आलं, बोटीचा भोंगा वाजला आणि बुजगावणं राहिलं उंचवट्यामागं. "बेटावर साधी टाचणी राहता कामा नये असं जन्मभर लोकांना बजावलं. आणि मी अख्खा माणूस ठेवून आलो! तोंड कुणाला दाखवू?"

"तो चालतो कसा पण?"

"तो कुठे चालतो? बर्फ चालतो. हिमनदीच ती. रोज थोडी समुद्राकडे सरकते."

तिच्या डोक्यात अचानक घंटा वाजली. "नाना! आत काय भरलंय? गवत नाही ना? बिया?"

"छे छे! ऑफिसातले नामंजूर अर्ज."

ज्यांना नानांनी जाऊ दिलं नव्हतं, ते असे का होईना, अर्जाच्या रूपानं बेटावर पोचले होते!

ती धावत ऑफिसात आली. "साहेब, माणूस नाही, बुजगावणं आहे! बंदी उठवा!"

साहेबांनी चहा खाली ठेवला. असं ते क्वचितच करत. "बाई, बुजगावणं म्हणजे कचरा. कचरा सापडला तर चौकशी, बेट दोन हंगाम बंद, आणि नानांची या वयात धिंड. माणूस असेल तर बरं. माणसाला परवाना देता येतो!"

"बुजगावण्याला परवाना?"

"पक्ष्यांना त्रास देत नाही. आवाज करत नाही. बूट नाहीत, त्यामुळे बुटात बी नाही. तुमची एक तरी अट मोडतोय का?"

तिनं विचार केला. मोडत नव्हता. तिच्या कारकिर्दीतला तो पहिला निर्दोष अर्जदार होता.

"पण साहेब, जागा एकच शिल्लक आहे."

साहेब खिडकीबाहेर पाहू लागले. बंदरावर प्राध्यापक कोट झाडत उभे होते.

तिनं परवान्यावर सही केली. भेटीचा उद्देश: उभं राहणं. मुदत: हंगामाच्या शेवटच्या सोमवारपर्यंत. बोटी सुटल्या. संशोधकांना साहेबांनी सांगून ठेवलं, "तो आमचा माणूस आहे. फारसा बोलत नाही." टोपी आईनं कपाटात ठेवली.

"तुझी जागा कुणाला दिली म्हणालीस?"

"एका सभ्य माणसाला, आई."

दर सोमवारी तो जवळ येत राहिला. शेवटी तर पडदाभर नुसता नारिंगी कोट आणि एक बटण. ती एकटी असली, की पडद्यावर फडकं टाकून काम करी.

मग हंगामाचा शेवटचा सोमवार आला. तिनं फडकं उचललं. खडक, घरटी, पेंग्विन, रिकामा बर्फ. तो नव्हता. हिमनदीनं त्याला कॅमेऱ्यापलीकडे नेलं असणार, समुद्रात. हे तिला शास्त्रानं पटत होतं. पण नेमकं मुदत संपायच्या दिवशी? ती उठून मागच्या बोळात गेली. शेवटची खुंटी रिकामीच होती. फक्त तिच्याखालची फरशी ओली होती.

"मी आत्ताच पुसलीय," शिपाईकाका मागून म्हणाले. ती किंचाळली.

साहेब मात्र भलतेच खूश झाले. "अंतर पाळलं, कशाला हात लावला नाही, मुदतीत बाहेर पडला! असा माणूस या खात्यानं पाहिला नाही. बाई, पुढच्या वर्षीच्या तपासणीला कोणाला पाठवायचं, प्रश्नच मिटला."

तिचा चेहरा उजळला. "मी तयार आहे, साहेब!"

"तुम्ही?" साहेबांनी चहाचा घोट घेतला. "तुम्हाला अनुभव कुठाय? नानांना विचारा, असा आणखी एक कोट मिळेल का."