गाळाचा एकमती ठराव

"आज सभेत एका वाक्यात काम उरकून येतो, बघच तू," टेलरमास्तरांनी बायकोला ठणकावून सांगितलं.

"त्या एका वाक्यात 'हे' किती वेळा म्हणणार, तेवढं आधी सांगा," बायको म्हणाली.

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. मास्तरांना ऐन वेळी शब्द सुचत नसे, आणि न सुचलेल्या प्रत्येक शब्दाच्या जागी ते 'हे' घालत. गिऱ्हाइकांना त्याची सवय होती. "बाही हे करून कॉलरला जरा हे देतो," एवढ्यावर लोक कापड टाकून निर्धास्त घरी जात आणि शर्ट अंगाला चोख बसे. नगरपालिकेला मात्र अजून मास्तरांची सवय व्हायची होती.

प्रश्न मागच्या खोलीचा होता. घरामागून ओढा जात होता. त्याच्या मधोमध गाळाचा उंचवटा साचला होता, त्यामुळे पाणी वाढलं की ते मास्तरांच्या काठावर येऊन आदळे. परसातलं लिंबाचं झाड गेलं, मग कपडे वाळत घालायची तार गेली, आणि तिच्यावरचा एका गिऱ्हाइकाचा नवाकोरा कोटही गेला. आता ओढा खोलीच्या भिंतीला टेकला होता. त्या खोलीत शिलाई मशीन होतं, म्हणजे घराची चूल त्या खोलीवर पेटत होती. पाऊस तोंडावर आला होता आणि मास्तरांची झोप उडाली होती.

नगरपालिकेच्या सभेत अध्यक्षीणबाईंनी त्यांना बोलायला सांगितलं. मास्तर उठले. एवढी माणसं एकदम आपल्याकडे बघताहेत हे पाहून पाठ केलेलं वाक्य कुठल्या कुठे पळालं.

"ओढ्याकाठी, आमच्या मागं," ते म्हणाले, "ते गाळ हे काढा. लवकर हे काढा. सगळ्यांचं हे होईल."

अर्धवट झोपेतले सदस्य खडबडून जागे झाले. ओढ्याकाठी गाळे काढा! म्हणजे दुकानं! सगळ्यांचं भलं होईल! ही कल्पना आजवर कुणाच्या डोक्यात कशी आली नाही, असं एकमेकांना विचारत त्यांनी बाकं वाजवली. एरवी पंखा चालू ठेवावा की बंद यावरही दोन तट पडणाऱ्या त्या सभेने विषय एकमताने मंजूर केला.

मास्तर तरंगत घरी आले. "टाळ्या पडल्या," ते बायकोला म्हणाले.

"गाळाला?" तिने विचारलं. पण मास्तरांच्या तोंडावरचा आनंद पाहून ती पान वाढायला उठली.

दुसऱ्या दिवशी सलूनवाला आला. मास्तर मशीन चालवत होते.

"गाळ्याचं बोलायला आलो होतो," तो म्हणाला. मशीनच्या खडखडाटात 'गाळ्या'तला 'य' कुठला ऐकू येतोय!

"घेऊन जा की," मास्तर म्हणाले. "झाडांना घालायचाय का?"

सलूनवाल्याला वाटलं, मास्तर थट्टा करताहेत. तो हसला. "मला दोन मिळतील?"

"दोन? दहा घे. नाहीतरी नुसता वास मारत पडलाय. घमेलं मात्र तुझं तू आण."

म्हणजे बांधकामही आपलं आपणच करायचं, असा अर्थ काढून सलूनवाला विचारात पडला आणि गवंडी शोधायला गेला. संध्याकाळपर्यंत मास्तर दहा-दहा गाळे वाटताहेत अशी आवई उठली. चपलांचा दुकानदार पेढीवरची गादी सोडून आला. सायकलवाला आला. मास्तरांनी कुणालाही नाही म्हटलं नाही. गाळासाठी एवढी माणसं धावून येताहेत हे पाहून त्यांना भरून आलं. माणसं उगाच वाईट समजतो आपण, असं ते बायकोला म्हणालेसुद्धा.

मग नगरपालिकेचा इंजिनिअर आला. हातात टेप, कानामागे पेन्सिल.

"मास्तर, शटर रस्त्याच्या बाजूला बरं की ओढ्याच्या?"

"गाळाला शटर?" मास्तरांचा पाय पेडलवरच थांबला.

"गाळ्याला," इंजिनिअर म्हणाला. "तुम्हीच मागितलेत ना?"

बायकोने डोक्याला हात लावला. मास्तर तसेच उठून अध्यक्षीणबाईंकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. हसू आवरताना त्यांना बरेच कष्ट पडले.

"तुमचं खरं आहे हो," त्या म्हणाल्या, "पण आमच्याकडे एकमत कधी होत नाही. झालंय ते मोडू नका. आणि घाबरता कशाला? ढासळत्या काठावर दुकानं कशी उभी राहतील? आधी गाळ काढून दगडी भिंत बांधणार. पावसाच्या आत."

मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं गाळासाठी कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं आणि गाळ्यांसाठी अख्खी भिंत मिळत होती. धावत घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं, "खोली वाचली."

इंजिनिअर अजून तिथेच माप घेत होता. त्याने घसा खाकरला.

"भिंत होणार हे नक्की," तो म्हणाला. "फक्त तिचा पाया या खोलीखालून जातोय. खोली पाडावी लागेल."



"मग ओढ्यात आणि तुमच्यात फरक काय?" बायकोने विचारलं.

"ओढा बदल्यात काही देत नाही, वहिनी. आम्ही गाळा देतो."

"कुठं?"

इंजिनिअरने पेन्सिल मशीनकडे रोखली. "इथंच. भिंतीच्या अलीकडे."

"नक्की मिळेल?"

"चिठ्ठीत नाव निघालं तर," तो म्हणाला आणि टेपचं टोक मास्तरांपुढे केलं. "एवढं जरा धरता का? खोलीचं माप राहिलंय."

मास्तरांनी ते धरलं, आणि हातात टेप आली म्हणून सवयीने चांगलं ताणूनही धरलं.