वसंतभाऊंनी न आणलेला बाक

वर्तकनगरात कुठल्याही वस्तूकडे बोट दाखवा, ती आमच्या वसंतभाऊंनी आणलेली असते. पाण्याची लाइन, शाळेपुढचा गतिरोधक, गटारावरची झाकणं, सगळ्यांवर त्यांचं एकच वाक्य, "मी आणलं!" एकदा आम्ही दोघं लग्नाला निघालो आणि घोडबंदर रोडवर एका पुलाखाली तासभर अडकून पडलो. मी वैतागून विचारलं, "भाऊ, हे ट्रॅफिकपण तुम्हीच आणलं का?" भाऊ गंभीरपणे म्हणाले, "ते वरून आलंय रे. डोक्यावरचा पूल मात्र मी आणला."

भाऊ आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहतात. माजी नगरसेवक. माजी होऊन बराच काळ लोटला, तरी कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट रोज अंगावर चढतो आणि समोरून काहीही आलं की हात आपोआप जोडले जातात. एकदा दिवेलागणीला त्यांनी विजेच्या खांबाला नमस्कार केला. मी हसलो, तर म्हणाले, "हसतोस काय? मीच आणलाय तो."

दोनदा निवडून आल्यावर सोडतीत त्यांचा वॉर्ड महिलांसाठी राखीव निघाला. मग आपल्याकडे जे होतं तेच झालं. भाऊ स्वयंपाकघराच्या दारात जाऊन म्हणाले, "अगं, उद्या तुझा फॉर्म भरायचाय." शालिनीवहिनी कुकर लावत होत्या. "दुपारी चालेल ना? सकाळी पाणी असतं," एवढंच त्या म्हणाल्या.

बॅनरवर भाऊंचा फोटो परातीएवढा, उमेदवाराचा वाटीएवढा. तरीही वहिनी निवडून आल्या, आणि भाऊंना कधी पडली नव्हती एवढी मतं घेऊन आल्या. हे आकडे भाऊंनी आम्हाला कधी ऐकवले नाहीत. सत्काराच्या दिवशी कार्यकर्ते भलामोठा हार घेऊन स्टेजवर चढले. हार दिसला की मान पुढे करायची, ही भाऊंची जुनी सवय. मान पुढे झाली, हार गळ्यात पडला, फोटोही निघाला. बाजूला नगरसेविका रिकाम्या गळ्यानं उभ्या. "राहू द्या हो, त्यांनाच शोभतो," म्हणून सगळ्यात जास्त त्याच हसल्या.

पुढे सभेला वहिनी जायच्या, पण बोलायचं काय ते भाऊ ठरवायचे आणि नारळ तर तेच फोडायचे. वहिनींनी हट्ट धरला तो एकाच गोष्टीचा. बसस्टॉपजवळ बाक हवा. "बायका बाजारातून एवढाल्या पिशव्या घेऊन येतात, टेकायला जागा नाही कुठं." भाऊंनी उडवून लावलं, "बाकानं मतं मिळत नाहीत." शेवटी वहिनींनी एकटीनं महापालिकेत खेटे घातले आणि सिमेंटचा बाक आला. पाठीवर त्यांचं नाव. नारळ मात्र फुटला नाही, कारण भाऊंना वेळ नव्हता. महिन्याभरात बायका बाकाचं कौतुक करायला लागल्या, तेव्हा भाऊ सांगू लागले, "मी आणला!"

वहिनी जाऊन आता काही वर्षं झाली. तेव्हापासून भाऊ रोज संध्याकाळी त्या बाकावर बसतात, अगदी एका टोकाला. स्टेजवरची मधली खुर्ची या माणसानं कधी सोडली नाही, पण बाकावर मधे बसलेलं मी त्यांना कधी पाहिलेलं नाही.

यंदा वॉर्डात नवा नगरसेवक आला. तरुण, उत्साही पोरगा. त्यानं जाहीर केलं की बसस्टॉपजवळचा बाक काढून तिथं सेल्फी पॉइंट करणार, लाल बदाम आणि इंग्रजी अक्षरांसकट. मला वाटलं, भाऊ आता माइक लावून बसणार. पण ते सकाळीच माझ्या दारात आले. "चल जरा त्या पोराच्या ऑफिसात. मागायला जायचंय."

मी चपापलोच. भाऊ आणतात. मागताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

पोरानं उठून खुर्ची दिली, चहा मागवला. "काका, टेन्शन नका घेऊ. तुम्ही आणलेला ना तो बाक? जुना झालाय. त्याच्या बदल्यात बागेत दोन नवीन टाकतो, तुमच्या नावाचे. ग्रॅनाइटचे!"

भाऊंचं नाव, तेही ग्रॅनाइटवर. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो.

"माझं नाव नको," भाऊ म्हणाले. "आणि तो मी नाही आणला. मिसेसनी आणला. मी तर नकोच म्हणत होतो तिला. तेवढा एक राहू दे, बाबा."

पोरगा म्हणाला, "राहील काका. सेल्फी पॉइंट पलीकडे घेऊ."

त्यानं शब्द पाळला, बाक रंगवून दिला, वहिनींचं नाव नव्यानं काढून घेतलं. पण शेवटी तोही नगरसेवकच; कार्यक्रमाशिवाय त्याला रंग वाळल्यासारखा वाटेना. माइक आला, फोटोग्राफर आला आणि भाऊंसाठी हार आला.

हार दिसताच भाऊंची मान पुढे झाली. तिथंच थांबली. त्यांनी हार हातात घेतला आणि बाकाच्या पाठीवर घातला, अक्षरं झाकली जाणार नाहीत असा नीट सारखा केला.

"हा तिचा," ते म्हणाले. "मागं चुकून माझ्या गळ्यात पडलेला."

फोटोग्राफर ओरडला, "भाऊ, मधे या ना जरा!"

"मी इथं बरा आहे. तू तिचं नाव नीट घे," म्हणत भाऊ आपल्या टोकाला जाऊन बसले.

तो फोटो आता त्यांच्या बाहेरच्या खोलीत लावलाय. मधे हार आणि वहिनींचं ठसठशीत नाव, कडेला भाऊ, वाटीएवढे.