ठमाआत्यांचा पूर्वपक्ष

राघोपंतांच्या निबंधाला डोके होते, हातपाय होते, शेपूटही होते; फक्त शत्रू मिळत नव्हता. आणि शत्रूवाचून निबंध उभा राहत नाही, हे तर ते ठाण्याच्या इंग्रजी शाळेत इतकी वर्षे मुलांच्या कानीकपाळी ओरडत आले होते.

"आधी विषयाची फोड करा," ते सांगत. "मग पूर्वपक्ष. म्हणजे आपल्याविरुद्ध मताच्या माणसाचे म्हणणे. ते असे मांडा, की तो स्वतः समोर बसला असता तर त्याने मान डोलवली असती. मग त्याचे खंडन, म्हणजे उत्तरपक्ष. मग निष्कर्ष. त्याआधी दौतीत बोरू बुडवाल, तर बोटे मोडीन." मुलांची बोटे आजवर शाबूत राहिली होती, कारण फोड करता करताच तास संपत असे.

पण या वेळी निबंध मुलांचा नव्हता. हेडमास्तर दिवाळीनंतर पेन्शनीत निघणार होते आणि त्या खुर्चीला राघोपंत व गोविंदराव असे दोन उमेदवार होते. शाळाखात्याच्या डिपुटीसाहेबांनी फर्मावले, की दोघांनी वरच्या वर्गांसाठी एकेक नमुन्याचा निबंध लिहावा. ज्याचा चांगला, त्याची खुर्ची. विषय, 'स्त्रियांना लिहिणेवाचणे शिकवावे की न शिकवावे'. गोविंदरावांनी त्याच संध्याकाळी, तोंडातले पान संपायच्या आत, दीड पान लिहून टाकले. त्यातले अर्धे पान राणीसरकारच्या स्तुतीचे होते.

राघोपंत मात्र येरझाऱ्या घालत होते. घालून घालून ओसरीवरचे सारवण मधोमध उडाले होते. अडचण अशी, की ते स्वतः गेले तीन महिने माजघराचे दार लावून आपल्या बायकोला, सगुणेला, बाराखडी शिकवत होते. या बाजूने ते इतके पक्के होते, की त्या बाजूने काय बोलावे हेच त्यांना सुचेना. जे सुचे ते इतके लेचेपेचे, की त्याचे खंडन करणे म्हणजे मेलेल्या सापाला काठी मारणे.

शेवटी एका दुपारी त्यांच्या लक्षात आले, की शत्रू घरातच आहे. ओसरीच्या कोपऱ्यात वाती वळत बसला आहे.

"आत्या," ते म्हणाले, "बायकांनी शिकू नये, असं तुला का वाटतं?"

ठमाआत्यांची वात थांबली. त्या राघोपंतांच्या वडिलांच्या थोरल्या बहीण. लहानपणीच विधवा होऊन माहेरी आल्या, तेव्हापासून घर त्यांच्या शब्दावर चाले. "का रे? शिकवतोयस की काय कुणाला?"

"छे, छे! निबंधासाठी विचारतोय."

"मग ठीक. अरे, बाई वाचत बसली तर भाताकडे कोण बघणार? करपल्या भाताला काय अक्षरांची फोडणी देणार आहेस?"

राघोपंतांनी चटकन पाटीवर खरडले.

"काय खरडतोयस?"

"तू म्हणालीस ते."

"वाच बघू."

राघोपंतांनी वाचले. ठमाआत्यांनी वाती बाजूला सारल्या. साठ वर्षांत त्यांचे बोलणे अनेकांनी ऐकले होते, सोसले होते, एका भाडेकरूने तर त्यापायी बिऱ्हाड हलवले होते. पण लिहून कुणी घेतले नव्हते.

"पुन्हा वाच," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "‘करपल्या’च्या आधी ‘चांगल्या आंबेमोहोराच्या’ घाल. नुकसान कळायला हवं."

दुसऱ्या दिवशी त्या शेजारच्या रंगूबाईंना आणि तळ्यापलीकडच्या हौसाबाईंना घेऊन आल्या. तिघी कौपिनेश्वराच्या देवळासाठी रोज मिळून वाती वळत. "हा आपलं लिहून घेतो," आत्यांनी ओळख करून दिली. "मात्र याची रीत आहे. एक मुद्दा, त्याला एक कारण, कारणाला एक दाखला. उगाच भडाभडा बोलायचं नाही." शाळेतल्या मुलांच्या डोक्यात जे सहा वर्षांत शिरले नव्हते, ते आत्यांनी एका दुपारीत उचलले होते.

हौसाबाई जरा विचार करून म्हणाल्या, "बाई शिकली की नवऱ्याला पत्र लिहील. नवरा उत्तर लिहील. मग समोरासमोर बोलायला उरेल काय? दाखला सांगते. आमच्या शेजारचा कारकून दिवसभर कचेरीत लिहितो. घरी आला की तोंडातून शब्द फुटत नाही."

"वा!" राघोपंत उद्गारले. शत्रू खरोखरीच तालेवार निघाला होता.

रंगूबाईंनाही स्फुरण चढले. "माझ्या बाळाचं मुंबईहून कार्ड येतं. वाचायला टपालवाल्याच्या पायऱ्या चढा. परवा बाळाच्या मूळव्याधीची बातमी मला कळायच्या आत सगळ्या आळीला कळली. मी म्हणते, मला चार अक्षरं येत असती तर—"

"रंगू!" आत्या गरजल्या. "ते त्या पक्षात जातं. आपल्यात नाही."

"पण खरं आहे ना!"

"खरं असेल. आपलं नव्हे."

असे आठ-पंधरा दिवस चालले. वातींचा ढीग काही वाढेना. देवळातून गुरवाने निरोप पाठवला, की देव अंधारात आहे. "सांग त्याला, इथे मुद्दा अडलाय," आत्यांनी उलट निरोप दिला. पूर्वपक्षाच्या कागदांचे बाड उशीएवढे जाड झाले. उत्तरपक्षाच्या कागदावर 'उत्तरपक्ष' एवढा एकच शब्द होता, आणि त्याखाली राघोपंतांनी सुबक रेघ मारली होती.

"इकडून उत्तरपक्ष कधी लिहिणं होणार?" सगुणेने माजघरात हळूच विचारले.

"काय लिहू? हौसाबाईंच्या मुद्द्याला तोडच सापडत नाही. तूच सांग, तू शिकलीस. आता आपण समोरासमोर बोलतो का?"

"आधी कुठं बोलत होतो?" सगुणा म्हणाली.

राघोपंतांनी हे लिहून घ्यायला हवे होते. पण ते तेव्हा येरझाऱ्या घालत होते.

डिपुटीसाहेब सोमवारी यायचे होते. पण कल्याणच्या शाळेत मुलांनी एकामागून एक स्वागतपर पदे म्हणायला सुरुवात केल्यामुळे ते शुक्रवारीच पळून ठाण्याला आले. आल्या आल्या त्यांनी निबंध मागितले. राघोपंत वर्गावर होते. साहेबांचा पट्टेवाला धाकू परस्पर त्यांच्या घरी गेला.

"मास्तरांचा निबंध झालाय का, आजी?"

"झाला की," असे म्हणून ठमाआत्यांनी बाड उचलून त्याच्या हातात दिले.

संध्याकाळी राघोपंत कपाळाला हात लावून ओसरीवर बसले. "आत्या, ते अर्धंच होतं गं! त्या बाजूचं काहीच नव्हतं त्यात!"

"त्या बाजूला म्हणायला काही असतं, तर एवढ्या दिवसांत तुला सुचलं नसतं का?" आत्या म्हणाल्या.

दोन दिवसांनी साहेबांनी बोलावले. त्यांचे डोळे तांबारले होते. "राघोपंत, मी स्वतः मुलींची शाळा काढायच्या खटपटीत आहे. आणि तुमचं हे वाचल्यापासून मला झोप नाही. परवा आंबेमोहोर जेवताना घास घशात अडकला. याचं खंडन कुठंय?"

"होतंय, साहेब."

"होऊ द्या. तोवर खुर्चीवर गोविंदराव बसतील, हंगामी. उत्तरपक्ष आणा, त्याच दिवशी तुमच्या नेमणुकीवर सही करतो. आणि हा पूर्वपक्ष मी पुण्याच्या एका मासिकाकडे धाडतोय. विद्यार्थ्यांना कळू दे, प्रतिपक्ष कसा मांडावा ते."

मासिक छापून आले. तिघी सोवळे बदलून, पाटावर बसून ऐकायला जमल्या. राघोपंतांनी वाचायला सुरुवात केली. भाताचा मुद्दा झाला, तुपाचा झाला, निष्कर्षाशिवाय लेख संपला.

"माझा कारकून कुठंय?" हौसाबाईंनी विचारले.

राघोपंतांनी पाने उलटून पाहिली. "संपादकांनी गाळलेला दिसतो. जागा पुरली नसेल."

"माझा आंबेमोहोर पुरला, आणि हिचा कारकून पुरला नाही?" आत्या म्हणाल्या. "तुला त्याचं खंडन सुचत नव्हतं, म्हणून वाचताना खाल्लास तू!"

राघोपंतांनी शपथ घेतली. उपयोग झाला नाही. मासिक टपालवाल्याकडे गेले. त्याने 'मास्तर म्हणतात तेच आहे' म्हटल्यावर तोही मास्तरांना सामील ठरला. गुरवाने तर वाचता येत नसताना वाचून दाखवले, आणि त्यात देवळाच्या वातींचाही एक मुद्दा निघाला. त्यानंतर हौसाबाई आठवडाभर ठमाआत्यांकडे फिरकल्या नाहीत. चाळीस वर्षांत प्रथमच ओसरीवर दोघीच वाती वळू लागल्या.

एका दुपारी राघोपंत शाळेतून आले आणि उंबऱ्यातच थबकले. ओसरीवर, भरदिवसा, सताड उघड्या दारात सगुणा पाटी घेऊन बसली होती. समोर ओळीने तिघी. मधल्या हौसाबाई.

"आत्या! हे काय?"

"शिकायला म्हणून नव्हे हं," ठमाआत्या म्हणाल्या. "तपासायला. हिचा कारकून त्यात आहे की नाही, ते आमचं आम्ही बघणार. ‘बायकांनी वाचू नये’ हे नीट छापलंय की नाही, ते बायकांनी वाचायला नको?"

"पण सगुणेला येतं, हे तुला..."

"दाराआड इतके महिने ‘क ला काना का’ चाललंय. मला दिसतं कमी, राघो. ऐकू कमी येत नाही."

राघोपंत आत गेले, आणि फोड न करता, आराखडा न आखता, येरझाऱ्या न घालता, दिवेलागणीच्या आत त्यांनी उत्तरपक्ष लिहून काढला. आयुष्यात प्रथमच निबंध पुरा झाला. पगडी घालून ते साहेबांच्या मुक्कामी निघाले, तोच ठमाआत्या आडव्या आल्या.

"काय आहे त्यात?"

"तुम्हीच आहात, आत्या. तुम्ही तिघी."

"मग मी वाचल्याशिवाय तो उंबऱ्याबाहेर जायचा नाही."

"मी वाचून दाखवतो ना!"

"तू? कारकून खाणारा?" आणि त्यांनी निबंध घेऊन जमिनीवर ठेवला, वर पाट टाकला आणि पाटावर बसल्या.

गोविंदराव अजून हंगामी खुर्चीवर आहेत आणि त्यांनी तिला नवी गादी शिवून घेतली आहे. साहेबांची दोन स्मरणपत्रे येऊन गेली. राघोपंत शाळा सुटली की वाटेत कुणाशी न बोलता लगबगीने घर गाठतात, आणि पायही न धुता विचारतात,

"कुठवर आलं?"

"आज ‘ख’," सगुणा सांगते.

"कालही ‘ख’च होता!"

"हो. पण आत्याबाईंना त्याचं वळण पटत नाही. बदलून हवाय."