अकरा होड्यांचा मालक

"अर्जदार महादू हे अकरा होड्यांचे मालक असल्याचे दिसते," वामनदादांनी ट्रस्टचं पत्र मोठ्याने वाचलं, "त्यामुळे त्यांना मदत का द्यावी, याची चौकशी करण्यासाठी आमचे निरीक्षक नागोराव गुरुवारी दातिवऱ्याला येतील."

पुष्पलताच्या हातातली बोंबलांची पाटी खाली आली. ओटीवर आडवा पडलेला तिचा नवरा मात्र कोपरावर उठून बसला. "मी मालक? आन् मला साधा सुका बोंबील खाऊ देत नाय तुमी!"

महादूच्या किडन्या दोन वर्षांपासून रुसल्या होत्या. डॉक्टरांनी मीठ तोडलं, त्याबरोबर सुकी मासळीही गेली. रक्त उतरत उतरत सहावर आलं, तेव्हा मुंबईच्या डॉक्टरांनी रक्त वाढवणारं नवीन इंजेक्शन लिहून दिलं. त्याची किंमत ऐकून पुष्पलताचंच रक्त उतरलं होतं. महादूची होडी आधीच विकली गेली होती. मग गावातल्या अकरा होडीवाल्यांनी आपसांत ठरवलं आणि किनाऱ्याला लागल्यावर पहिला वाटा महादूचा काढायला सुरुवात केली. ती मासळी विकून निम्मी इंजेक्शनं व्हायची. उरलेल्या निम्म्यांसाठी मुंबईच्या एका ट्रस्टकडे अर्ज केला होता.

अर्ज लिहिला होता मच्छीमार सोसायटीचे सेक्रेटरी वामनदादांनी. अक्षर मोत्यासारखं, आणि जन्मात कधी खोटं लिहिलं नाही याचा भारी अभिमान. 'उत्पन्नाचे साधन' या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं, 'अकरा होड्यांची मासळी रोज घरपोच येते.'

"खोटं काय हाय त्यात?" ते म्हणाले.

"खरं हाय, म्हणूनच नडलं ना!" पुष्पलता कडाडली. "पुढच्या महिन्यात पाऊस लागला की होड्या वर काढतील. मासळी बंद झाली की यांची सुई पण बंद. आता निस्तरा तुमीच!"

वामनदादांनी निस्तरायचं मनावर घेतलं, तिथेच सगळं बिघडलं. साहेबाच्या नजरेला एकही होडी पडायला नको, म्हणून त्यांनी गुरुवारी अकराच्या अकरा होड्या, कारण न सांगताच, समुद्रात पिटाळल्या. साहेब दोनच्या यष्टीने येणार, चारच्या यष्टीने जाणार. सगळं कसं चोख! फक्त यष्टी वाटेत बंद पडली आणि नागोराव दातिवऱ्यात उतरले ते चार वाजता. साडेचारला भरती होती, आणि भरतीबरोबर होड्या किनाऱ्याला लागतात. उभा जन्म किनाऱ्यावर काढलेल्या वामनदादांनी यष्टीचं वेळापत्रक पाठ केलं आणि भरतीचं विसरले.

नागोराव मूळचे परभणीकडचे, मासळीच्या वासाची सवय नसलेले. रुमाल नाकावरून न काढताच त्यांनी विचारलं, "होड्या कुठे आहेत?"

वामनदादा खोटं बोलत नसत, म्हणून ते खोकले. फार वेळ खोकले. पुष्पलताने पाणी आणलं, आणि तेवढ्यात बाहेरून हाक आली, "वयनी, महादूचा वाटा!"

होडीवाल्या शिवाजीने ओटीवर कोलंबी ओतली. पाठोपाठ जिवल्याने पापलेटं आणून ठेवली. साहेब मुंबईचा आहे, गावाची शोभा व्हायला नको, म्हणून त्या दिवशी प्रत्येकाने हात जरा सैल सोडला होता. पुष्पलता डोळे वटारून मानेने 'नाय, नाय' करत होती. तिला हे कमी वाटतंय असं समजून जिवल्याने आणखी दोन पापलेटं टाकली. नागोराव वहीत मोजत होते, "सात… आठ…"

"हे तुमचे मालक का?" त्यांनी महादूकडे बोट दाखवून जिवल्याला विचारलं.

"मालक कसला? पत्त्यांत रोज लबाडी करतो मेला!"

अकरावा वाटा पडला तेव्हा नागोरावांना ओटीवर पाय ठेवायला जागा उरली नव्हती. त्यांनी फाईल बंद केली. "बाई, एवढी मासळी मी आयुष्यात पाहिली नाही. आणि तुम्हाला मदत हवी?"

आता मात्र पुष्पलताचा बांध फुटला. "लिवा सायेब, लिवा! या अकरा होड्यांत ह्यांची एक फळी पण नाय. होती ती होडी दवाखान्यात गेली. ही सगळी आपल्या पोराबाळांच्या तोंडचं काढून आणतात. मी कोणाकडं मागितलं नाय. ट्रस्टकडं मागितलं, कारण तुमचा ट्रस्ट पावसात पण चालतो!"

नागोरावांनी नाकावरचा रुमाल काढला आणि फाईलीतलं शेवटचं पान उघडलं.

"आमचा ट्रस्ट निम्मेच पैसे देतो. उरलेल्या निम्म्यांची हमी कुणीतरी सही करून द्यावी लागते. या एका सहीपायी कितीतरी अर्ज पडून राहतात, बाई. सख्खे भाऊ तोंड फिरवतात. आहे कुणी हमी द्यायला?"

अकरा ओले हात एकदम पुढे आले. सहीला जागा एकच होती. आधी सही कोणाची, यावरून शिवाजी आणि जिवल्याची चांगलीच जुंपली. शेवटी सह्या समासातून वर चढल्या, पानामागे गेल्या. एक अंगठा तर खवल्यासकट उमटला. कागद मंजूर झाला. नागोराव परत गेले ते पिशवीभर कोलंबी घेऊनच, ती कशी करायची हे तीनदा विचारून.

नारळी पौर्णिमा झाली तोवर महादूचं रक्त दहावर आलं होतं. समुद्रावर जायची परवानगी नव्हती, पण तो आपल्या पायांनी किनाऱ्यावर यायचा, मजुरीने जाळी विणायचा आणि सगळ्यांना पत्त्यांत लुबाडायचा.

अशाच एका संध्याकाळी नागोराव पुन्हा आले. या वेळी रुमाल खिशातच होता. बरोबर फिकट चेहऱ्याची एक बाई होती, बोईसरच्या कारखान्यात काम करणारी नर्मदाबाई. आजार तोच, इंजेक्शन तेच.

"गाव लांब, इथे यांचं कुणी नाही," नागोराव चाचरत म्हणाले. "सहीचा रकाना रिकामा आहे. म्हटलं, तुम्हाला विचारून बघावं."

महादूने जाळ्याची सुई बाजूला ठेवली. "आणा. मी करतो सही."

"तू?" जिवल्या हसत सुटला. "तुझ्याकडं हाय काय रे?"

"अकरा होड्यांचा मालक हाय मी," महादू छाती काढून म्हणाला. "ट्रस्टच्या कागदावर हाय तसं!"

जिवल्याने मासळीच्या ढिगातून एक वाटा जास्तीचा काढला आणि बाजूला ठेवला. वामनदादांचा ऊर भरून आला. त्यांनी नर्मदाबाईंचा अर्ज पुढे ओढला, खिशातून पेन काढून टोपण उघडलं आणि विचारलं, "हां, उत्पन्नाचे साधन?"

पुष्पलताने पेन त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि नागोरावांच्या हातात दिलं.

"सायेब, तुमीच लिवा."