चाळीस फुटांवर, दोन दोर

सकाळी बाबांच्या फोनवर नोटीस आली, तेव्हा मुलगी ओट्याशी उभी राहून चहा पीत होती. ‘दोन महिने ज्यांची हजेरी नाही त्यांची नावं आज बारा वाजता काढण्यात येतील. सबबी चालणार नाहीत.’ खाली आठ नावं. तिसरं नाव ‘सावकाश’. म्हणजे बाबा.

‘शेंडेवाले’ हा झाडं छाटणाऱ्यांचा ग्रुप. साठ-एक माणसं, गावं वेगवेगळी, बऱ्याच जणांनी एकमेकांना कधी पाहिलेलंही नव्हतं. खरी नावं तिथे कुणी वापरत नसे. नोटीस काढणारा ॲडमिन ‘जाडा दोर’ होता, आणि शिस्तीच्या बाबतीत त्याच्याशी वाकड्यात जायची कुणाची छाती नव्हती. ग्रुपची रीत एकच. झाडावर चढण्याआधी ‘चढतोय’ म्हणून कळवायचं. झाड कुठलं, उंची किती, दोर किती, सगळं. उतरल्यावर ‘उतरलो’. पाच वाजेपर्यंत ‘उतरलो’ आलं नाही, तर जवळ राहणाऱ्यांनी हातातलं काम टाकून शोधायला निघायचं. बाबा सगळ्यांना ‘सावकाश चढा’ असं बजावत, म्हणून त्यांना ते नाव पडलं होतं.

बाबांना जाऊन दहा आठवडे झाले होते. ग्रुपला कळवायचं मुलीने पहिल्या आठवड्यातच ठरवलं होतं. मग उद्या कळवू, परवा कळवू, असं होत राहिलं. फोन मात्र ती न चुकता चार्ज करायची. रोज चहाबरोबर साठ माणसं झाडांवर चढायची आणि संध्याकाळी सुखरूप उतरायची, आणि तेवढं वाचल्याशिवाय तिचा दिवस सुरू होत नसे, संपतही नसे. ते बारा वाजता बंद होणार होतं.

तिने बाबांचा एक जुना मेसेज शोधला, जसाच्या तसा उचलला आणि पाठवला: ‘चढतोय. शाळेमागची निलगिरी. चाळीस फूट. दोन दोर.’

पुढच्या मिनिटाला फोन थरथरायला लागला.

‘सावकाशराव! होतात कुठे इतके दिवस?’

आता काहीतरी सांगणं भाग होतं. ‘गुडघा,’ तिने लिहिलं.

गुडघ्यावर सतरा उपाय आले. अठराव्याने विचारलं, ‘गुडघा दुखतोय तर चाळीस फुटांवर काय करताय?’

‘हळूहळू चढतोय,’ तिने लिहिलं, फोन ओट्यावर पालथा ठेवला आणि चष्म्याच्या दुकानात कामाला निघून गेली. दिवसभर लोकांना लहान-मोठी अक्षरं वाचायला लावताना आपण नेमकं काय लिहून आलो, याचा तिला पार विसर पडला.

पावणेसहाला आईचा फोन आला.

“अगं, दारात तिघं आलेत. शिडी आणि दोर घेऊन. तुझ्या बाबांना खाली उतरवायला आलोय म्हणतात.”

मुलीच्या हातून चष्म्याची काडी सुटली. “तू काय सांगितलंस?”

“बसा म्हटलं. चहा टाकलाय.”

“आई, बाबांचा फोन वाजला असेल ना?”

“पाचपासून वाजतोय. मला तो उचलवत नाही. ही तुझी भानगड दिसते. तूच ये आणि निस्तर.”

मुलगी घरी पोचली तेव्हा शिडी खोलीत तिरकी मावली होती. तिच्या एका बाजूला एक उंच माणूस आणि एक जाडजूड माणूस, दुसऱ्या बाजूला साठीची एक बाई, कपबशी सांभाळत.

“शाळेमागे जाऊन आलो,” उंच माणूस म्हणाला. “झाडच नाही तिथे, नुसता बुंधा. शिपाई म्हणाला, गेल्या वर्षीच कापलं.”

“कापणारे सावकाशरावच होते म्हणे,” जाडजूड माणूस म्हणाला. “आम्ही तरीपण वर बघून घेतलं.”

मुलगी उभ्या-उभ्याच म्हणाली, “बाबा नाहीत. दहा आठवडे झाले. सकाळी मी लिहिलं होतं.”

उंच माणसाने खांद्यावरचा दोर उतरवून मांडीवर घेतला.

“मला वाटलंच होतं,” तो म्हणाला. “गुडघ्यावर सतरा जणांनी अक्कल शिकवली आणि सावकाशराव एकाशीही भांडले नाहीत.”

“मग शिडी कशाला आणलीत?”

“चढल्याचं कळवलं होतं, उतरल्याचं नाही. कुणी लिहिलं, हे आपण बघत बसत नाही.”

मुलीने मान खाली घातली. “तुमची अख्खी संध्याकाळ वाया घालवली. जाडा दोर साहेबांना सांगा, नाव काढून टाकायला. माझी हरकत नाही.”

दोघे पुरुष बाईंकडे बघायला लागले. बाईंनी कप बशीत ठेवला.

“जाडा दोर म्हणजे आमचे हे. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली.”

“मग नोटीस?”

“मीच काढते. ते होते तेव्हा इतकी शिस्त कुठली?” बाई म्हणाल्या. “नाव काढते असं धमकावलं की जो धडधाकट आहे तो लगेच तणतणत येतो. जो येत नाही, त्याच्याकडे कुणाला तरी पाठवता येतं. आजारी असतो, घरात काही झालेलं असतं. आज तुमच्याकडेही यायचंच होतं. तू चढलीस म्हणून जरा धावत आलो, इतकंच.”

“आजवर किती नावं काढलीत?”

बाई अवघडल्या. मग पर्समधून फोन काढून त्यांनी मुलीपुढे धरला आणि आवाज खाली आणला. “एकही नाही. बारा वाजले की घाम फुटतो मला. ते काढायचं बटण कुठे असतं, तेच मला सापडत नाही. या दोघांना विचारायची सोय नाही, हसतील. तू शिकलेली आहेस. तुला माहितीये का गं?”

मुलीने फोन हातात घेतला. यादी उघडली. बाबांचं नाव मधेच कुठेतरी होतं. त्या नावावर बोट दाबून धरायचं, की खाली तो पर्याय येतो. दुकानाच्या ग्रुपमधून तिने कितीतरी जणांना असं काढलं होतं.

तिने यादी वरून खालपर्यंत नीट पाहिली, मग खालून वरपर्यंत.

“नाही हो काकू,” ती म्हणाली. “मलाही कुठे दिसत नाहीये.”