कमरेवरील स्वारीची व गौरीच्या पावलांची हकिकत

श्री. कुळाची आई वंशावर नजर ठेवो आणि लिहिणारीच्या चुका पोटात घालो. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, श्रावण मास. ते समयी तीन खोल्यांच्या एका राज्यात थोरल्या बाईसाहेब अनसूयाबाई राज्य करीत होत्या आणि त्यांचे यजमान रावसाहेब खुर्चीत बसून राज्य आपणच चालवितो ऐसे समजत होते. राज्यास गनीम एकच, त्याचे नाव कंबरदुखी. तो चालून येई, मुलूख मारी आणि पसार होई, आणि गेला म्हणून बाईसाहेबांनी पदर खोचला की पुन्हा दाराशी हजर. त्या श्रावणात बाईसाहेब पिठाचा डबा उचलावयास वाकल्या आणि गनिमाने तिथेच गाठले. वर होववेना, खाली बसवेना. मग डाव्या कुशीवर निजल्या, मग उजव्या, मग उठल्या आणि भिंतीस टेकल्या, मग भिंत टोचते म्हणून भिंतीवर रागावल्या, आणि पळभर कोठे चैन म्हणून पडेना. रावसाहेबांनी मलम आणविले, पट्टा आणविला, पट्टा उलटा बांधिला, आणि बाईसाहेबांनी त्यांस जे सुनावले ते लिहिण्याजोगे नाही.

हे वर्तमान धाकट्या जाऊबाई शेवंताबाई यांस कळले आणि त्या समाचारास आल्या. चार केळी आणली, त्यातली दोन काळी. चहा घेतला, साखर कमी म्हणाल्या, आणि मग पोटातले ओठांवर आणिले. या कुळाची रीत ऐसी की भाद्रपदात गौर येते तेव्हा उंबरठ्यापासून देवघरापर्यंत तिची पावले घरच्या थोरल्या सुवासिनीने उमटवावी, ओल्या कुंकवात मूठ बुडवून, गुडघा भुईस न लावता, ताठ पायांनी कमरेत वाकून. पावले जिची, मान तिचा, आणि मान जिचा तिचेच राज्य. शेवंताबाई बहुत गोड बोलल्या, "अक्का, यंदा पावलं मी उमटवते. तुम्ही आपलं पलंगावरून बघा."

"मला खांद्यावरून नेतील त्या वर्षी उमटव," बाईसाहेब म्हणाल्या, "आणि केळी परत घेऊन जा."

जाऊबाई गेल्या, परंतु धास्ती मागे राहिली. मग बाईसाहेबांनी मसलत केली की नवे लुगडे जैसे सणासाठी घडी करून ठेवावे तैसी कंबर गौरीसाठी राखून ठेवावी, आणि पलंगावर मुक्काम केला. काडी उचलेनात. निजल्या जागेवरून हुकूम सोडीत, डाळ करपल्याचा वास घेत, सूनबाई तेजस्विनी यांस हाका मारीत राहिल्या आणि कूस बदलीत राहिल्या. राखल्याने कंबर राहील ऐसे वाटले होते, ती लाकूड जाहली, आणि न्हाणीघरापर्यंत जाणे म्हणजे मोहीम जाहली. तेव्हा सूनबाईंनी न विचारता रिक्षा बोलाविली आणि कसरतीच्या डॉक्टरीण मुलाणीबाई यांजकडे स्वारी नेली.

मुलाणीबाई वयाने लहान, हाताने जोरकस. त्यांनी तपासून सांगितले की मोडले काही नाही, वयाप्रमाणे दुखणे येईल आणि जाईल, परंतु निजून राहिल्याने अधिक धरील. थोडे थोडे चालावे, एके जागी फार बसू नये, ओझे गुडघ्यांत वाकून उचलावे. बाईसाहेबांनी गौरीच्या पावलांचे संकट सांगितले, तेव्हा पावले कैसी उमटविता ते दाखवा म्हणाल्या. बाईसाहेबांनी अर्धे वाकून दाखविले आणि ओरडल्या. मुलाणीबाईंनी गुडघा टेकावयास सांगितला.

"आमच्यात गुडघा टेकत नाहीत. सासूबाईंची रीत आहे."

"त्यांची कंबर कशी होती, आजी?"

बाईसाहेबांस आजी म्हटल्याचा राग येणार होता तो आलाच नाही. सासूबाई अखेरीस कोयत्यासारख्या वाकून चालत, उभ्या माणसाचे तोंड दिसावयास मान वळवीत, आणि घरच्या बाया म्हणत, गौरीची सेवा केली हो म्हातारीने. बाईसाहेबही तैसेच म्हणत आल्या होत्या. घरी येताच त्यांनी सूनबाईंस सतरंजी अंथरावयास सांगितली.

मग कसरत सुरू जाहली. सतरंजीवर निजून कंबर उचलणे, मांजरासारखी पाठ फुगविणे, ओसरीत फेऱ्या घालणे. रावसाहेब हसले, त्यांस हसावयास जिन्यावर पाठविले. आराम पडला, आणि आराम पडला म्हणून बाईसाहेबांनी सारी तांब्यापितळेची भांडी एके दिवशी घासून काढिली, आणि गनीम फिरून आला. पुन्हा ओसरी, पुन्हा सतरंजी.

गौरीचा दिवस उजाडला. सूनबाई ताम्हणात गौर घेऊन उंबरठ्याशी उभ्या राहिल्या, आणि शेवंताबाई जरीचे लुगडे नेसून, कुंकवाची वाटी आपणच हाती धरून तयार. बाईसाहेबांनी वाटी काढून घेतली, टॉवेलाची घडी भुईवर टाकिली आणि सर्वांदेखत गुडघा टेकिला. शेवंताबाई म्हणाल्या, रीत मोडली. पावलामागे पाऊल, घडी पुढे सरकवीत, माजघर ओलांडले, आणि देवघर दिसू लागले तेव्हा कळ निघाली. बाईसाहेब चौकट धरून उठल्या, दोन येरझारा घातल्या, पुन्हा बसून पाहिले, पुन्हा उठल्या. घाम सुटला. मुहूर्त सरत चालला आणि शेवंताबाईंचा हात वाटीकडे आला.

बाईसाहेबांनी सूनबाईंच्या हातचे ताम्हण आपण घेतले आणि वाटी त्यांस दिली. सूनबाईंनी पदर सावरिला आणि घरच्या रीतीप्रमाणे पाय ताठ ठेवून वाकावयास लागल्या.

"तेजू, गुडघा टेक," बाईसाहेब म्हणाल्या. "कमरेतून वाकलीस तर वाटी काढून घेईन."

सूनबाईंनी गुडघा टेकिला. उरलेली पावले त्यांनी उमटविली आणि बाईसाहेब गौर घेऊन मागून ताठ चालत देवघरात शिरल्या.

तात्पर्य, गनीम मेला नाही. गौरी गेल्या आणि तो दुसऱ्याच दिवशी आला, तेव्हा बाईसाहेब ओसरीत फेऱ्या घालू लागल्या. मान अर्धा गेला, तो घरातच राहिला. त्या कुळात सुवासिनीने गुडघा टेकून पावले उमटवावी, ऐसी रीत आहे.