दोन मिनिटांऐवजी दोन तास असे वाचावे

"पेन ड्राइव्ह? तो मागच्या पिढीचा! मी दोन मिनिटांत फोल्डर शेअर करतो!" असं मी बायकोला म्हणालो आणि तिथेच माझे ग्रह फिरले.

बायको मुद्रितशोधक. तिचा कॉम्प्युटर दुरुस्तीला गेला होता, म्हणून एक जाडजूड पुस्तक तिने माझ्या कॉम्प्युटरवर तपासलं. पण शेवटची मांडणी तिच्याच कॉम्प्युटरवर जमते, कारण माझी सिस्टीम वेगळी. आज तो परत आला होता आणि पुस्तक बारा वाजता छापखान्यात हवं होतं. तेव्हा वाजले होते दहा.

"दिसतंय का?" मी माझ्या खोलीतून ओरडलो.

"दिसतंय! पासवर्ड मागतोय!"

"माझा टाक!"

"टाकला! नाही म्हणतोय!"

मी धावत गेलो. पाच वेळा टाकला. एकदा तर डोळे मिटून! शेवटी मेहुण्याला फोन लावला.

"भाऊजी, कॉम्प्युटरचा पासवर्ड वेगळा, शेअरिंगचा वेगळा. तो ठेवलाच नसेल तुम्ही!"

ठेवला. सव्वाअकरा.

"उघडलं?"

"नाही! परवानगी नाही म्हणे!"

बाहेरच्या खोलीत बाबांनी पेपर खाली ठेवला. "कोण देत नाही परवानगी? या घरात अजून मी आहे!"

"बाबा, कॉम्प्युटर देत नाहीये!"

"मग त्याच्या बापाला विचार!"

बायको दारात आली. "अरे, हे काम वेळेत गेलं नाही ना, तर पुढचं पुस्तक मला कोणी देणार नाही." आवाज रडवेला झाला होता. मला लाज वाटली, पण पेन ड्राइव्ह काढायची जास्त लाज वाटली!

मी दिसेल त्या चौकटीत टिचकी मारली. सगळ्यांना, सगळं, वाचायला, लिहायला, पासवर्डशिवाय! एका फोल्डरऐवजी अख्खा कॉम्प्युटर उघडा टाकलाय, हे काही ध्यानात आलं नाही.

"उघडलं!" ती ओरडली. मी कॉलर ताठ केली.

बाराला चार कमी असताना पुस्तक गेलं. पण ती बाहेर येईना. साडेबारा झाले, तरी येईना. मी येरझाऱ्या घालू लागलो आणि मग एकदम आठवलं. माझी नवी विनोदी कथाही त्याच कॉम्प्युटरवर होती : 'बायको : एक शुद्धिपत्र'!

धावत जाऊन उघडली. एक्केचाळीस चुका दुरुस्त केलेल्या. 'कुठलंही काम मी दोन मिनिटांत करतो' या माझ्या पहिल्याच ओळीखाली लिहिलं होतं : "'दोन मिनिटांत' ऐवजी 'दोन तासांत' असे वाचावे."

ते खोडायला गेलो. खोडेना! स्क्रीनवर पाटी आली : तुम्हाला ही फाइल फक्त वाचण्याची परवानगी आहे.

पुन्हा मेहुणा. "ताईने तिच्याकडून सेव्ह केली ना? मग आता ती फाइल ताईची, भाऊजी!"

"माझ्याच कॉम्प्युटरवर मला परवानगी नाही?" मी किंचाळलो.

"आता कोण देत नाही?" बाबा गरजले.

"तुमची सूनबाई!"

"मग राहू दे," असं म्हणून बाबांनी पेपर पुन्हा तोंडासमोर धरला.